दाजींचा रोमानिया

रोमानिया हा देश आमच्या दाजींनी मनावर घेतला नसता, तर त्या देशाचं काही अडलं असतं असं मला वाटत नाही. पण आमच्या घराण्यातली एक सोयरीक मात्र वेळेवर जुळली असती, असं घरात बराच काळ म्हणत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. राहणार बेळगाव, वडगावातली विणकर गल्ली. घरात खालच्या खोलीत दोन पावरलूम, वर माळ्यावर सुताची पोती आणि मधल्या उरलेल्या जागेत संसार. रोमानियाला ते कधीच गेले नाहीत. बेंगळुरूला एकदा गेले होते, पण तिथल्या आमटीत गूळ असतो या कारणासाठी त्यांनी राजधानीशी संबंध तोडले. असं असूनही रोमानियातल्या बायकांच्या एका हँडबॉल क्लबाच्या इतिहासावर त्यांच्याइतकं अधिकारवाणीनं बोलणारा माणूस दूधगंगेपासून मलप्रभेपर्यंत सापडायचा नाही. अधिकार होता असं मी म्हणत नाही. वाणी मात्र होती, आणि दोन पावरलूमच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय असल्यामुळे समोरच्याला सुटका नसे.

आम्ही मूळचे शहापूरचे, तेही विणकरच. घरात मी एकटा मागावरून उठून खडूकडे वळलो आणि निपाणीच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवू लागलो. दाजींच्या लेखी हा माझा मोठा अपराध होता. "पावणं, तुमी पोरांस्नी शिकिवतासा काय? मेलेल्या राजांच्या लडाया. कोन जितलं, कोन हारलं, समदं आदीच ठरल्यालं. त्यात काय राम हाय? आमच्या क्लबाचा इतिहास बघा, अजून चालूच हाय. औंदा काय हुतंय, कुनाला म्हाईत?" माझ्या वर्गातली पोरंही मागच्या बाकावर झोपून मला हेच सुचवत असत.

हे खूळ लागलं कसं, तेही सांगितलं पाहिजे. वडगावात पूर्वी हातमागावर विणणाऱ्या बायकांची एक सोसायटी होती. दाजी तिचे सेक्रेटरी, आणि आमची आक्का तिथली सगळ्यात साफ हाताची विणकरीण. दोघांचं लग्न सोसायटीच्या पायरीवर ठरलं असं आमच्याकडे म्हणतात, म्हणजे दाजी पायरीवर बसून राहत आणि आक्का आत जाताना 'सरका' म्हणे, त्यावरून. ती सोसायटी बंद पडली. भांडण नाही, कज्जा नाही. आधी सूत यायचं थांबलं, मग तपासायला येणारे साहेब थांबले, आणि शेवटी बायका यायच्या थांबल्या. दाजींनी कुलूप लावलं आणि किल्ली वरच्या ऑफिसात नेऊन दिली. तिथल्या माणसानं ती मान वर न करता ड्रॉवरमध्ये टाकली. "निदान कंच्या दाराची हाय ते तरी इचारायचं हुतं," असं दाजी पुढे कित्येक वर्षं म्हणत. मग कोल्हापूरला दिलेल्या लेकीनं त्यांना तोंडी विचारलेलं ऐकणारा फोन घेऊन दिला. दाजींनी त्याला पहिलाच प्रश्न मनातला विचारला: बायकांच्या हँडलूमच्या सोसायट्या जगात अजून कुठं चालू आहेत? आता आमच्या गल्लीत 'हँडलूम' हा शब्द 'ह्यांल्लूम' असा निघतो, त्यात पाठीमागे दोन माग खडखडत होते. फोननं 'हँडबॉल' ऐकलं आणि दाजींना थेट रोमानियात नेऊन सोडलं.

योगायोग असा, की त्या पानाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की हा क्लब एका कापड गिरणीतल्या बायकांनी सुरू केला. दाजींना वाटलं, पत्ता बरोबर लागला. निम्मं पान वाचून होईपर्यंत चेंडूचा उल्लेखच आला नाही, आणि आला तेव्हा फार उशीर झाला होता. दाजींचा जीव त्या बायकांत गुंतला होता. गिरणी बंद पडली, यंत्रं भंगारात गेली, तरी बायकांचा क्लब चालू राहिला, हे वाक्य आलं तेव्हा दाजींनी उठून दोन्ही माग बंद केले आणि आक्काला हाक मारून सांगितलं, "गिरन गेली, पर बायका ऱ्हायल्या गं!" आक्का चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होती. ती म्हणाली, "कुनाच्या बायका?" त्या दिवसापासून दाजींनी एकच इच्छा धरली की आपली सोसायटी गेली ती गेली, पण हा क्लब टिकला पाहिजे. लोक मारुतीकडे नोकरी मागतात, मूल मागतात. आमचे दाजी शनिवारी तेल घालून क्लबासाठी रोमानियाच्या हँडबॉल स्पर्धेत वरच्या वर्गातली जागा मागत.

फोन त्यांना सगळं मराठीत करून देई. फोनचं मराठी हा एक स्वतंत्र प्रांत आहे आणि तो अजून कुठल्याच राज्यात सामील झालेला नाही. त्यात गोल राखणारी बाई 'दरवाजा सांभाळणारी' होते, कडेनं पळणाऱ्या दोघी 'उजवा पंख' आणि 'डावा पंख' होतात, आणि 'डावा पंख दुखावल्याने संघ घरी हरला' अशी बातमी येते. दाजी असली वाक्यं पोथी वाचावी तशी वाचत. खेळाडूंची नावं मात्र त्यांनी फोनवर सोडली नाहीत, स्वतःच ठेवली. दरवाजा सांभाळणाऱ्या मिहाएलाची म्हैलाक्का झाली, डाव्या पंखाच्या इओआनाची यवनाक्का. शिकवणाऱ्या बाईंना ते नुसतं 'मास्तरीन' म्हणत आणि त्यांचं नाव घेताना कपाळावरची टोपी सारखी करत.

सगळ्यात मोठा घोटाळा झाला तो सात मीटरचा. हँडबॉलमध्ये गोलाजवळ कुणी आडदांडपणा केला की समोरच्या संघाला सात मीटरवरून मोकळी फेक मिळते. फोननं याचं मराठी केलं, 'चुकीबद्दल पाहुण्यांना सात मीटर देण्यात आले.' विणकराच्या घरात मीटर म्हटल्यावर दुसरं काय डोळ्यांपुढे येणार? दाजींनी धरून टाकलं की चूक केली की समोरच्या पार्टीला सात मीटर कापड द्यायचं. "गिरनीच्या बायका त्या, दुसरं काय देनार?" मग हा न्याय त्यांना इतका आवडला, की विणकरांच्या बैठकीत उभं राहून ते म्हणाले, "हितं चूक यापाऱ्याची आसली तरी कापड आपलंच कापत्यात. रोमानियात बघा, ज्याची चूक त्याचं कापड!" बैठकीनं टाळ्या वाजवल्या आणि ठरावात 'रोमानियाच्या धर्तीवर' असे शब्द घातले. पुढे मी त्यांना सगळा खेळ कागदावर आखून दाखवला. ते कागद उलटा करून बघत म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. मग त्ये कापड जातंय कुटं?" कापड नसतंच, असं मी शपथेवर सांगितलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू मी त्यातले काही मीटर खाल्ले असावेत.

क्लबाचा इतिहास सांगायची त्यांची एक ठरलेली चाल होती. सुरुवात गावापासून. त्या गावाला तीन नावं आहेत, एक रोमानियन, एक हंगेरियन आणि एक जर्मन, कारण तीन भाषांच्या लोकांनी तिथं आळीपाळीनं राज्य केलं आणि प्रत्येकानं आल्या आल्या आधी पाट्या बदलल्या. इथं आले की दाजींचा आवाज हळवा होई. आमच्या भागात 'बेळगाव' की 'बेळगावी' हे म्हणताना भोवती कोण बसलंय ते बघून शेवटचं अक्षर उच्चारायचं असतं. हे शहाणपण आम्हाला पोरवयातच येतं. त्या गावातल्या माणसांनाही ते येत असणार, अशी दाजींची खात्री होती. गावाचं झालं तेच क्लबाचं. आधी गिरणीचं नाव, मग तांबड्या झेंड्याच्या सरकारनं दिलेलं नाव, झेंडा उतरल्यावर डुकराच्या मांसाचे पदार्थ करणाऱ्या एका कारखान्याचं नाव (हे दाजी शाकाहारी मंडळींत 'खाद्यतेल' म्हणून सांगत), आणि तो कारखाना बुडाल्यावर नगरपालिकेचं. "नाव कुनी बी ठिवू दे की. पळतंय कोन? बायकाच न्हवं?" असं म्हणून ते मांडीवर थाप मारत, आणि ऐकणारा बहुतेक वेळा ही संधी साधून उठत असे.

त्यापुढचा भाग म्हणजे राजधानीच्या संघाला हरवून क्लबानं चषक जिंकला तो. हा सामना दाजी असा सांगत, की वडगावच्या पोरींनी बेंगळुरू आणि मुंबई अशा दोन्ही राजधान्यांना एका दमात लोळवलंय असं वाटावं. सामन्याला जाताना म्हणे घाटात गाडी बंद पडली आणि खेळाडूंनीच ती ढकलत वर नेली. एकदा मी आणि दाजी निपाणीहून बेळगावला येताना आमची एस्टी तवंदी घाटात अशीच अडकली. दाजींना असा प्रसंग आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हता. त्यांनी मधल्या वाटेत उभं राहून सगळ्या गाडीला म्हैलाक्कानं खांदा कसा लावला ते सांगायला घेतलं. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, म्हैलाक्का ऱ्हाऊ दे, आदी तुमी उतरा." दाजी उतरले आणि ढकलायच्या वेळी मात्र पुढे जाऊन घाटाची उंची बघत उभे राहिले. इतिहासकारानं प्रत्यक्ष घटनेपासून अंतर राखावं, हे तत्त्व त्यांना न शिकवता कळलं होतं.

त्या सोयरिकीचं म्हणाल तर माझ्या पुतणीला सदलग्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला, नोकरीवाला, घरचा ऊस. पोहे झाले, चहा झाला, आणि घरातले वडीलधारे म्हणून दाजींनी मुलाला प्रश्न केला, "हँडबॉलबद्दल तुमचं काय मत हाय?" मुलगा बिचारा गोंधळला आणि म्हणाला, "आमच्यात तसलं काही नसतं." दाजींनी बशी खाली ठेवली. "बायकांच्या खेळाला तसलं म्हनतोय, त्या घरात पोरगी द्याची न्हाय." झालं, फिसकटलं. घरात महिनाभर दाजींचं नाव निघालं की भांडी आपटत. नंतर कळलं की त्या मुलाचं दुसरीकडे आधीच ठरलेलं होतं आणि इकडे तो नुसता पोहे खायला आला होता. तेव्हापासून दाजी ते श्रेय रोमानियाला देऊ लागले: "म्हैलाक्कानं वाचिवलं बगा पोरीला. दरवाजा सांभाळनारी हाय ती." एकदा शेजारच्या दोन भावांत भिंतीवरून वाद पेटला होता. मध्यस्थीला दाजींना बोलावलं. त्यांनी गिरणीच्या स्थापनेपासून सुरुवात केली. दोघं भाऊ चषकाच्या आधीच एकमेकांच्या गळ्यात पडून घरी गेले.

क्लबाचा रंग गर्द निळा आणि पिवळा. दाजींनी तसल्या काठाची साडी विणली. शहापूरच्या व्यापाऱ्यानं ती चिमटीत धरली आणि विचारलं, "हे कोन नेसनार?" दाजी म्हणाले, "रोमानिया काठ हाय." व्यापारी म्हणजे माणसांची नस ओळखणारा, त्यानं तोच शब्द पाटीवर लिहून साडी दारात टांगली, आणि बायका 'ते रोमानिया दाखवा की' म्हणत येऊ लागल्या. थोड्याच दिवसांत सुरतेहून निम्म्या किमतीत 'अस्सल रोमानिया' येऊन पडला आणि दाजींचा माल मागे राहिला. मला राग आला. दाजी मात्र खुशीत होते. म्हणाले, "नाव तर झालं त्यांचं हितं."

आणि मग ते वाईट साल उगवलं. क्लब सारखा हरत होता. तिथल्या नगरपालिकेनं जाहीर केलं, की संघ खालच्या वर्गात घसरला तर आम्ही हात काढून घेणार. "तितं बी म्युनिसिपाल्टीच!" दाजी ओरडले. त्यांच्या घरासमोरच्या गटारीकडे बघून त्यांनी एवढा मोठा उसासा टाकला, की म्युनिसिपाल्टी ही जगात सगळीकडे सारखीच आहे याबद्दल माझाही संशय फिटला. जेवण कमी झालं. आक्का वैतागून मला फोनवर सांगे, "तुज्या दाजींना सांग रं कायतरी. त्या रोमानियाच्या बाया हारत्यात आन माजी भाकरी उरती." दाजींनी दोन दिवस विचार केला आणि आमच्या भागातल्या माणसाला शेवटी जे सुचतं तेच त्यांना सुचलं: जाहीर पाठिंबा. निवेदन, निषेध आणि पाठिंबा या तीन गोष्टी सीमाभागात जन्मलेल्याला कुणी शिकवाव्या लागत नाहीत. गल्लीतल्या विणकर बायकांनी रोमानिया काठाच्या साड्या नेसून, फलक धरून फोटो काढायचा आणि तो क्लबाच्या पानावर पाठवायचा.

मी म्हटलं, "दाजी, वडगावच्या बायकांच्या फोटोनं तिथल्या नगरपालिकेला काय फरक पडणार?" दाजी म्हणाले, "फरक न्हाय पडनार, मला बी कळतंय. पर पावणं, आपली सोसायटी बंद पडली तवा गल्लीतनं कुनी बघाय बी आलं न्हाय. ह्यांच्या बाजूनं कुनीतरी हुबं हाय, एवढं तरी त्यास्नी कळू दे." यावर मी फलकाचा मजकूर शुद्धलेखन तपासून लिहून दिला.

फ्लेक्सवाल्यानं आधी भाषेचा प्रश्न काढला. कानडी वर आणि मोठं पाहिजे, नाहीतर फलक उतरवतात. मग मराठी पाहिजे, नाहीतर गल्ली बोलायची बंद होते. एवढ्यात रोमानियनला जागा उरेना. मग त्यानं विचारलं, "वर फोटू कुनाचा?" दाजी म्हणाले, कुणाचाच नाही. फ्लेक्सवाला हबकला, फोटो नसलेला फलक त्यानं आयुष्यात छापला नव्हता. ही बातमी वॉर्डच्या नगरसेवकांपर्यंत गेली आणि ते स्वतः मदतीला धावले. रोमानिया कुठल्या वॉर्डात येतो हे विचारायची त्यांना इच्छा झालेली दिसली, पण पाठिंबा आधी आणि चौकशी मागाहून ही रीत त्यांना पाठ होती. फलक आला तेव्हा त्यावर हात जोडलेले नगरसेवक, नगरसेवकांचे बंधू, बंधूंचा वाढदिवस असलेला मुलगा आणि खाली उरलेल्या पट्टीत मजकूर: 'रोमानियाच्या महिला हँडलूम क्लबला वडगावच्या विणकर भगिनींचा जाहीर पाठिंबा'. हँडबॉलचं हँडलूम झालं होतं. दाजी फ्लेक्सवाल्यावर धावून गेले. तो म्हणाला, "अण्णा, वडगावात हँडबॉल कशाला आसंल? तुमीच चुकला आसशीला म्हून मी दुरुस्त केलं."

दुसरा छापायला वेळ नव्हता. बायका साड्या नेसून मारुतीच्या पारापाशी उभ्या राहिल्या, फलक उघडला, आणि फलक उघडल्याबरोबर हवालदार आला. बेळगावात पाऊस एक वेळ चुकेल, पण फलकापाठोपाठ हवालदार चुकत नाही. "याव संघटने री?" त्यानं कानडीत विचारलं, कुठली संघटना म्हणून. दाजी म्हणाले, "हँडबॉल." हवालदारानं फलकावर 'हँडलूम' वाचलं आणि त्याचा संशय बळावला. "बॉर्डरचं काय हाय काय ह्यात?" खोटं बोलणं दाजींच्या स्वभावात नव्हतं. "हाय की! तितं बी दोन-तीन भाषांचं भांडान हाय, गावाचं नाव बदललंय..." हवालदारानं खिशातून फोन काढला, बहुतेक वरच्या साहेबांसाठी. तेवढ्यात आक्का बायकांच्या रांगेतून पुढे आली आणि खणखणीत कानडीत म्हणाली, "साहेबरा, फोटो अष्टे री. बर्री, चा कुडीरी." फक्त फोटो आहे, या, चहा घ्या. हवालदारानं चहा घेतला. बायका नीट मावेनात म्हणून शेवटी फोटोही त्यानंच काढून दिला.

फोटो क्लबाच्या पानावर गेला. दुसऱ्या दिवशी खाली उत्तर आलं, पान सांभाळणाऱ्या कुणा मुलीचं. फोननं त्याचं मराठी केलं ते असं होतं: 'तुमच्या फलकावरचा शब्द यंत्राने आम्हाला हातमाग असा सांगितला. माझी आजी त्या गिरणीत मागावर होती. इथे आता हे कुणी आठवत नाही. तुम्हाला कसे माहीत?' दाजींनी ते मला वाचून दाखवलं तेव्हा मी पहिल्यांदा त्यांची चेष्टा करायचं विसरलो. ते गल्लीभर फोन घेऊन फिरले. फ्लेक्सवाल्याला पारावर बोलावून त्याच्या चुकीबद्दल शाल आणि नारळ दिला. नगरसेवकांनी त्या सत्काराचाही फलक लावला.

शेवटचा सामना रविवारी दुपारी होता. बरोबरी झाली तरी संघ वरच्या वर्गात राहणार होता. फोन मागाच्या चौकटीवर टेकवून ठेवला होता आणि गल्लीतल्या निम्म्या बायका खोलीत बसल्या होत्या. करंट गेलेला, त्यामुळे माग बंद, आणि समालोचन स्पष्ट ऐकू येत होतं. ते कुणालाच कळत नव्हतं एवढंच. दाजी प्रत्येक वाक्याचा अर्थ सांगत होते आणि तो अर्थ त्यांच्या मनाचा होता. आपण एका गोलनं मागे होतो. अगदी शेवटी समोरच्या पोरीनं यवनाक्काला ढकललं आणि शिट्टी वाजली. "सात मीटर!" साऱ्या बायका एकदम ओरडल्या. यवनाक्का पुढे आली, चेंडू हातात तोलला आणि फेकला. तो खांबाला लागून बाहेर गेला. पडद्यावर पोरी जिथल्या तिथं जमिनीवर बसल्या. दाजींनी फोन उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि खिशात ठेवला.

थोड्या दिवसांनी नगरपालिकेनं क्लब बंद केल्याची बातमी आली. मी पुढच्या रविवारी निपाणीहून वडगावला गेलो, एखाद्याकडे दुखवट्याला जावं तसा. दाजी पायरीवर बसले होते. "या पावणं," म्हणाले आणि त्यांनी सरकून जागा करून दिली. गिरणी नाही, घाट नाही, राजधानी नाही. इतकी वर्षं ज्या इतिहासातून मी पळवाटा शोधल्या, तो आज कुणी सांगत नव्हतं आणि मला फार वाईट वाटलं. मी स्वतःहून चषकाची गोष्ट काढून बघितली. ते म्हणाले, "ते झालं की आता. तुमच्या राजांगत झालं."

आक्का आतून कांड्यांची टोपली घेऊन आली आणि आमच्याजवळ टेकली. रोमानियाबद्दल तिनं इतक्या वर्षांत एक शब्द विचारला नव्हता. ती म्हणाली, "अवो, मग आता त्या बायका कुटं जानार वो?"

रोमानियाबद्दल कुठल्याही प्रश्नाचं उत्तर नाही असं दाजींचं कधी झालं नव्हतं. माहीत नसलं तरी ते उत्तर देत. आज ते तिच्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, "आपल्या सोसायटीच्या कुटं गेल्या?"

"कोपऱ्यावरची साळंत भात शिजिवती," आक्का म्हणाली. "तिची जाऊ गारमेंटात शिलाईला जाती. गौरव्वा निपानीला लेकीकडं, बिड्या वळती. आन मी हितं तुमच्या रोमानियाला कांड्या भरतोय."

मी हसलो. दाजी हसले नाहीत. "तुजा हात लई साफ हुता," ते म्हणाले. "तुजं कापड उजेडात धरलं तर एक गाठ दिसायची न्हाय. साहेब लोक माज्याकडं बघायचे, म्या तुज्याकडं."

आक्काचा हात टोपलीतच राहिला. "हे सोसायटी चालू हुती तवा कदी बोलला न्हाईसा."

"तवा वाटायचं, चालतीयाच की," दाजी म्हणाले. "सांगू कवातरी."